हुडहुडी

मेघाच्या दंडातली नळी धुवायचं काम सुरेखाकडं आलं, कारण घरात दुसरं कुणी पुढं झालंच नाही.

नळी दोऱ्याएवढी बारीक होती. कोपराच्या वर शिरेत शिरायची आणि आतल्या आत थेट हृदयाच्या तोंडाशी पोचायची. दवाखान्यात सगळे तिला लाइन म्हणायचे. मेघाला रक्ताचा कॅन्सर झाला होता, आणि त्याची औषधं इतकी जहाल की हाताच्या लहान शिरा त्यांनी करपून जायच्या. पहिल्या महिन्यातच तिचे दोन्ही हात वांग्यासारखे निळेजांभळे झाले. सिस्टर मनगटावर टिचक्या मारत शीर शोधायच्या, सुई घालायच्या, बाहेर काढायच्या, पुन्हा घालायच्या. मेघा तोंडात पदर कोंबून बसायची. दंडात लाइन बसली त्या दिवशी ती नवऱ्याला म्हणाली, "आता काय व्हायचं ते होऊ द्या, पण सुई नको."

औषधाचे दोन फेरे होईपर्यंत लाइन दवाखान्यातच धुतली गेली. मग सिस्टर शबाना म्हणाल्या, घरचं कुणीतरी शिकून घ्या, दर आठवड्याला शेंद्र्याहून एवढ्यासाठी यायला नको. सुदर्शन, म्हणजे मेघाचा नवरा, कंपनीत पाळ्या करून दमलेला. पिचकारी हातात घेतली की त्याची बोटं थरथरायची. मेघाची आई दगडाबाई माहेराहून येऊन राहिली होती, पण तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू. मुलगी सायली बारावीला होती. तिनं ड्रेसिंगखालची ती जागा एकदा पाहिली आणि भिंतीला टेकून खाली बसली.

"मी शिकते," दाराशी उभी असलेली सुरेखा म्हणाली.

सुदर्शननं वळून बायकोकडं पाहिलं. तो काय पाहतोय, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं.

सुरेखा ही मेघाची धाकटी जाऊ, अभयची बायको. एका अंगणात समोरासमोर दोन दारं, आणि आठ वर्षांपासून चुली वेगळ्या. कारण सांगायला गेलं तर हसू यावं असं होतं. एका उन्हाळ्यात घातलेलं आंब्याचं लोणचं बुरशीनं नासलं. बरणी मेघानं भरलेली, पण वरचं तेल सुरेखानं ओतलेलं. शेजारच्या चार बायका बसल्या असताना मेघा म्हणाली, "सुरेखाचा हात लागला का नासतंच. तिच्या हाताला यशच नाय." सुरेखाचा तेव्हा दुसऱ्यांदा गर्भ पडला होता, त्याला महिनाही झाला नव्हता. मेघाला तसं म्हणायचं होतं की नव्हतं, कोण जाणे. बायकांनी माना खाली घातल्या, आणि सुरेखानं दुसऱ्याच दिवशी आपला स्टोव्ह पलीकडच्या खोलीत नेला.

आता मेघा पलंगावर पडून होती. डोक्यावरचे केस गेलेले, ओठांना चिरा पडलेल्या. ती म्हणाली, "शिकू द्या तिला. शिलाईचा हात हाय तिचा."

सुरेखा ब्लाउज शिवायची. शबाना सिस्टरनं तिला समोर बसवून शिकवलं. हात कोपरापर्यंत धुवायचे. तोंडाला मास्क. नळीचं टोक स्पिरिटच्या कापसानं चोळून चोळून पुसायचं, वाळू द्यायचं, मगच सलाइन भरलेली पिचकारी लावून हळूहळू आत सोडायची. "घाई बिलकुल करायची नाही बरं का," शबाना म्हणाल्या. "गॅसवर दूध उतू गेलं तर जाऊ द्यायचं. और पेशंटचं तोंड तिकडं, भिंतीकडं. श्वास सुद्धा नळीवर नको."

त्यामुळं दर गुरुवारी मेघा भिंतीकडं तोंड करून बसायची आणि सुरेखा तिच्या दंडाशी वाकलेली असायची. एकमेकींचं तोंड दिसत नसे. तोंड दिसत नाही म्हटल्यावर बोलणं सोपं झालं. आधी सायलीच्या अभ्यासाचं, मग गुलमंडीत अस्तराचं कापड किती महागलं त्याचं, मग सासूच्या शेवटच्या दिवसांचं. एका गुरुवारी मेघा भिंतीलाच म्हणाली, "मला तेव्हा तसं बोलायला नको व्हतं." सुरेखानं पिचकारीचा दट्ट्या हळूहळू दाबत नेला, नळी बंद केली, आणि मग म्हणाली, "हलू नका आक्का, चिकटपट्टी लावायलेय." तेवढंच. पण त्या संध्याकाळी तिनं भाजीची वाटी समोरच्या दारात नेऊन दिली.

एप्रिलच्या मधल्या एका गुरुवारी ते घडलं. बाहेर पत्रे तापून तडतडत होते. सुरेखानं नेहमीसारखी लाइन धुतली, सामान आवरलं, आणि ती हात पुसत असतानाच मेघा म्हणाली, "सुरे, खिडकी लाव गं."

"खिडकी? आक्का, घामानं जीव चाललाय."

"लाव म्हणते ना."

वळून पाहिलं तर मेघाचे दात वाजत होते. सगळं अंग हिंदकळत होतं, पलंगाची फळी कुरकुरत होती. सुरेखानं गोधडी घातली, तीवर दुसरी घातली, वर स्वतः तिच्या अंगाला अंग लावून बसली. अर्ध्या तासानं हुडहुडी ओसरली. काखेत थर्मामीटर लावला तर ताप नावालाच होता, कणकण म्हणावी इतका.

"मी दवाखान्यात फोन लावते," सुरेखा म्हणाली. "शबाना सिस्टर म्हणल्या व्हत्या, थंडी वाजली तर लगेच कळवा."

मेघानं तिचा हात धरला. त्या वाळलेल्या बोटांत इतका जोर असेल असं वाटलं नसतं.

"नाय कळवायचं. ते लाइन काढून टाकतील. दवाखान्यात त्या पलीकडच्या खाटावरच्या बाईची काढली तशी. मंग पुन्हा ह्या हातात सुया. मला नाय सोसायचं आता. नाय सोसायचं, सुरे."

"पण आक्का..."

"माझी शपथ हाय तुला. सायलीची शपथ हाय. अशक्तपणानं वाजली आसंल थंडी. कुणालाबी नाय सांगायचं."

सुरेखानं फोन लावला नाही. शपथेपेक्षाही त्या हाताची पकड तिला सोडवेना. आठ वर्षांत मेघानं तिच्याजवळ पहिल्यांदाच काही मागितलं होतं. आणि मनाच्या तळाशी अजून एक गोष्ट होती, जी तिनं स्वतःलाही धड सांगितली नाही. लाइनमध्ये काही बिघडलं असेल, तर ते बिघडवणारे हात कुणाचे, हे विचारलं जाणारच होतं.

आठवडा तसा बरा गेला. मेघा थोडी जेवलीसुद्धा. पुढच्या गुरुवारी सुरेखानं हात दोनदा धुतले, कापूस नेहमीपेक्षा जास्त वेळ चोळला. पिचकारी रिकामी झाली. ती मेघाच्या पाठीकडं बघत उभी राहिली. थोड्याच वेळात त्या पाठीचे मणके गदगदा हलू लागले.

या खेपेला हुडहुडी ओसरली तेव्हा तापाचा पारा एकशेतीनच्या पुढं होता. मेघा बरळायला लागली. अभयनं गाडी काढली, सुदर्शनला कंपनीतून वाटेतच उचललं, आणि दुपारच्या भर उन्हात सगळे शहरातल्या दवाखान्यात पोचले.

वॉर्डातल्या डॉक्टरांचं नाव प्रणय खरात. वय तिशीच्या आतबाहेर, दाढी वाढलेली, बोलणं मोजकं. त्यांनी मेघाचं तोंड उघडून पाहिलं, छातीला स्टेथोस्कोप लावला, पोट दाबलं, लाइनची जागा बोटानं चाचपली. तिथं ना लाली होती, ना सूज, ना पू. रक्ताचा रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशी जवळजवळ नव्हत्याच.

"औषधांनी पेशी पडल्यात," ते सुदर्शनला म्हणाले. "अशात ताप म्हणजे घराला दार नसताना चोर शिरल्यासारखं आहे. अँटिबायोटिक तासाभराच्या आत सुरू करायचं. त्याच्या आधी जंतू तपासायला, कल्चरला रक्त घेऊ. सिस्टर, दोन ठिकाणचं. लाइनमधून एक, हाताच्या शिरेतून एक."

हाताच्या शिरेचं नाव काढताच मेघानं डोळे उघडले. "हातातून नाय."

"ताई, एकच सुई."

"लाइन कशाला ठेवलीय मंग? लाइनमधून घ्या किती घ्यायचं ते. हाताला हात नका लावू." तिनं दोन्ही हात चादरीखाली ओढले आणि त्यांवर अंगाचा भार टाकला.

डॉक्टर खाटेच्या कडेला टेकले. "थंडी कधी वाजते तुम्हाला? लाइन धुतल्यावर वाजली होती का?"

"नाय," मेघा म्हणाली. "अशीच वाजली. आजच वाजली."

तिनं हे सुरेखाकडं न बघता सांगितलं. सुरेखा खाटेच्या पायथ्याशी पिशवी धरून उभी होती. डॉक्टरांनी तिलाही विचारलं, "लाइन तुम्ही धुता ना? तुमच्या काही लक्षात आलं?"

दगडाबाई बाजूलाच बसली होती. सुदर्शन बघत होता. "तसं काय नाय," सुरेखा म्हणाली.

डॉक्टरांनी मान डोलावली आणि उठले. जाता जाता सिस्टरला म्हणाले, "लाइनमधून तर घ्या. हाताचं बघू. थांबायला वेळ नाही."

सुरेखा पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर पडली. बाहेरच्या लांब व्हरांड्यात पंखे फिरत होते, आणि भिंतीला टेकून माणसं झोपली होती. ती नळाशी पोचली, बाटली खाली धरली, आणि बाटली भरून पाणी वाहून गेलं तरी तिथंच उभी राहिली. सायलीची शपथ होती. शपथ मोडली तर पोरीला काही होतं, असं ती लहानपणापासून ऐकत आली होती. आणि आत खाटेवर पोरीची आई पडली होती.

डॉक्टर टेबलाशी उभे राहून काही लिहीत होते. सुरेखा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"डॉक्टरसाहेब, मी खोटं बोलले."

त्यांनी पेन थांबवलं.

"लाइन धुतली का थंडी वाजती. आजबी धुतल्यावरच वाजली. अन् मागल्या गुरुवारीबी. धुऊन झाली, हात पुसू लागले, तेवढ्यात." हातातली भरलेली बाटली तिनं टेबलावर ठेवली. "आक्कांनी शपथ घातली म्हणून नाय सांगितलं. लाइन काढतील म्हणून भ्यायल्यात त्या."

"मागच्या गुरुवारी? आठवडा झाला?"

"व्हय."

डॉक्टर रागावले असते तर बरं वाटलं असतं. पण ते वळले आणि जवळजवळ पळतच आत गेले. "सिस्टर, मागच्या गुरुवारीही लाइन धुतल्यावर थंडी वाजलीय. लाइनमधून काही सोडू नका. अँटिबायोटिकसुद्धा नाही. त्यातून रक्त तेवढं घ्या, आणि बंद." मग खाटेशी खाली वाकून, मेघाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन ते म्हणाले, "ताई, मी लपवाछपवी करत नाही, तुम्हीही करू नका. तुमच्या लाइनमध्ये जंतूंनी घर केलं असावं, असा मला संशय आहे. धुताना ते आतून सुटतात आणि रक्तात जातात, म्हणून थंडी वाजते. पण संशयावर मला लाइन काढायची नाही. तुम्हाला ती किती लागते, ते मला ठाऊक आहे."

"मंग नका काढू."

"म्हणूनच हाताचं रक्त मागतोय. ऐका. एक बाटली लाइनच्या रक्ताची, एक हाताच्या रक्ताची. दोन्ही एकाच वेळी भरायच्या, एकाच मशीनमध्ये ठेवायच्या. बाटलीत जंतू वाढले की मशीन ओरडतं. जंतूंचं घर लाइनमध्ये असेल, तर तिथल्या रक्तात ते जास्त असणार, आणि ती बाटली आधी ओरडणार. हाताच्या बाटलीच्या दोन तास तरी आधी. दोन्ही बरोबरीनं ओरडल्या, तर लाइन निर्दोष, चोर दुसरीकडं. एकट्या लाइनच्या बाटलीवरून मला एवढंच कळेल की जंतू आहेत. मग एक तर चांगली लाइन उगीच काढीन, नाही तर नासलेली तशीच ठेवीन."

मेघानं मान वळवली. डॉक्टरांच्या खांद्यावरून तिची नजर सुरेखावर आली.

"सांगितलंस तू."

सुरेखानं होय म्हणून मान हलवली. मेघाच्या नजरेत राग होता, भीती होती, आणि आणखी काहीतरी होतं, जे सुरेखाला तेव्हा ओळखता आलं नाही. मग तिनं चादरीतून उजवा हात काढून पुढं केला, आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

शबाना सिस्टरनं स्वतः सुई घेतली. मनगटावर नाही लागली. कोपरात नाही लागली. "माफ करना बाई, बस एक बार और," त्या पुटपुटत होत्या. अंगठ्याच्या मुळाशी एक निळसर रेघ सापडली. रक्त थेंबाथेंबानं आलं, पण आलं. दोन बाटल्यांवर दोन चिठ्ठ्या लागल्या आणि त्या लॅबकडं गेल्या. पायाच्या घोट्याजवळ एक शीर मिळाली, तिथून औषध सुरू झालं.

संध्याकाळी मेघाचा बीपी खाली गेला. हातपाय गार पडले, ओळख पटेना. खाट ढकलत तिला आयसीयूत नेलं, आणि काचेचं दार बंद झालं.

इतका वेळ गप्प असलेली दगडाबाई तेव्हा फुटली. व्हरांड्यात, सगळ्यांच्या देखत. "हिनंच केलं! मी पहिल्यापून म्हणत व्हते, हिच्या हातात देऊ नगा. लोणचं नासवणारा हात, अन् माझ्या लेकीच्या काळजापातूर घातला! आन् वरून आठ दिस गप बसली. कामून बसली गं गप? कामून?"

"मावशी, गप राहा," अभय म्हणाला.

"नाय राहत! माझी लेक आत हाय."

सुरेखा उत्तर द्यायला उठलीच नाही. तिच्याजवळ उत्तर होतं, मेघानं शपथ घातली हे उत्तर होतं. पण काचेच्या दारामागं पडलेल्या बाईवर ते ढकलणं तिला जमेना. थोड्या वेळानं सिस्टरनं बाहेर येऊन, "पेशंटचं तोंड ओलं करायला कुणी या," म्हटलं, तेव्हा सुरेखा उठायच्या आत सुदर्शन म्हणाला, "सायली, तू जा." रक्ताला घाबरणारी ती पोर आत गेली. दगडाबाईच्या सगळ्या बोलण्यापेक्षा सुरेखाला ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर प्रणय आले. रात्रभर ते घरी गेले नसावेत.

"लाइनची बाटली आधी ओरडली," ते म्हणाले. "हाताची तिच्या खूप मागून, चार तासांनी. आता शंका नाही. जंतू स्टॅफ जातीचा आहे, आणि तो एकदा नळीला चिकटला की नुसत्या औषधानं सुटत नाही. लाइन आत्ताच काढतोय."

"काढा," सुदर्शन म्हणाला.

थोड्या वेळानं शबाना सिस्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात स्टीलचा ट्रे होता. सुरेखानं थांबवलं. "सिस्टर, बघू द्या मला."

नळी ट्रेमध्ये वेटोळं करून पडली होती. सुरेखाला वाटलं होतं, तिला काही तरी दिसेल. काळं, हिरवं, बरणीच्या तोंडाशी धरते तशी बुरशी. काही नव्हतं. नळी लख्ख स्वच्छ होती. टोकाशी थोडं रक्त, बस. तिनं डोळे फाडफाडून पाहिलं, आणि मग तिला पहिल्यांदा रडू आलं.

दुपारी डॉक्टर चहाच्या टपरीवरून परत येताना तिनं त्यांना जिन्यात गाठलं. "डॉक्टरसाहेब, खरं सांगा. माझ्या हातानं झालं का?"

ते पायरीवरच थांबले. "मला माहीत नाही."

"तपासणीत कळलं आसंल ना."

"तपासणी एवढंच सांगते की जंतू कुठं बसलाय. कुणी बसवला, ते नाही सांगत. हा जंतू माणसाच्या कातडीवर, नाकात राहतो. तुमच्या हातावरून गेला असेल. त्यांच्याच कातडीवरून शिरला असेल. इथं असताना आमच्यापैकी कुणाकडून गेला असेल. हातमोजे घालून, सगळं नीट करूनही होतं हे."

सुरेखा कठड्याला धरून उभी राहिली.

"पण एक गोष्ट मला माहीत आहे," डॉक्टर पुढं म्हणाले, आणि त्यांचा आवाज कडक नव्हता. "पहिल्या हुडहुडीला फोन आला असता, तर कदाचित आयसीयूची पाळी आली नसती. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी हे लपवणार नाही. आणि काल तुम्ही सांगितलं नसतंत, तर मी त्याच लाइनमधून औषध सोडलं असतं, आणि त्याच्या दाबानं आतले जंतू पुन्हा रक्तात गेले असते. तेही लपवणार नाही."

ते वर निघून गेले. सुरेखा तिथंच पायरीवर बसली. एवढं मोठं दुःख होतं, आणि त्यात धरायला असं काहीच हाताला लागत नव्हतं. दोष आपला आहे म्हणावं तर पुरावा नाही. नाही म्हणावं तर तोही नाही. गप्प बसलेला आठवडा तेवढा पक्का होता. तो मात्र तिचा होता.

लाइन निघाल्यावर मेघाचा ताप उतरू लागला. बीपी सावरला. हृदयाच्या झडपांना जंतूंनी धरलंय का हे बघायला सोनोग्राफीसारखी तपासणी झाली. झडपा वाचल्या होत्या. वॉर्डात परत आणल्यावर तिनं पहिल्यांदा पाणी मागितलं आणि मग विचारलं, "सुरेखा कुठंय?"

"असंल बाहेर," दगडाबाई तुटक म्हणाली.

"बोलव तिला."

सुरेखा आली आणि खाटेपासून दोन हात लांब उभी राहिली. मेघाच्या दंडावर जिथं लाइन होती, तिथं पांढरी पट्टी होती. दोन्ही हातांच्या पाठी पुन्हा निळ्या पडायला लागल्या होत्या, कारण औषध आता पाळीपाळीनं हातापायांच्या शिरांतूनच चाललं होतं.

"आई," मेघा आईकडं बघून म्हणाली, "पहिल्या खेपेला थंडी वाजली, तव्हाच ही फोन लावायली व्हती. मी नाय लावू दिला. सायलीची शपथ घातली मी तिला."

दगडाबाईनं लेकीकडं पाहिलं, मग सुरेखाकडं. "पोरीची शपथ?" ती इतकंच म्हणाली. पदरानं नाक पुसत ती बाहेर गेली. तिनं माफी मागितली नाही, आणि सुरेखानंही माफीची वाट पाहिली नाही. सुदर्शन खिडकीशी उभा होता. त्यानं मान खाली घातली, आणि जवळचा स्टूल ओढून सुरेखाच्या पुढ्यात ठेवला.

दोघी जावाच उरल्यावर मेघा म्हणाली, "हाताला सुया टोचू टोचू पुन्हा तेच हाल झाले बघ."

"लई दुखतंय?"

"दुखतंय. पर मला वाटलं व्हतं तेवढं नाय." मग ती म्हणाली, "तू सांगितलंस तव्हा मला तुझा लई राग आला. तुझं तोंड पाहू नाय वाटलं. अन् त्याच वक्ताला जीवबी हलका झाला. आता आपल्या हाती काय राह्यलं नाय, आसं वाटलं."

"आक्का, माझ्या हातानंच झालं आसंल तर?"

मेघाला नाही म्हणता आलं असतं, पण ते नुसतं मन राखणं झालं असतं. "आसंल," ती म्हणाली. "नसंलबी. बस ना तू. उभी कामून राह्यलीस?"

सुरेखा बसली.

औषधाचा कोर्स पुरा व्हायला मे उजाडला. पेशी वाढल्या, ताप गेला, आणि कॅन्सरच्या उपचाराचा पुढचा फेरा लांबला होता तो पुन्हा सुरू करायचं ठरलं. त्यासाठी डाव्या दंडात नवी लाइन बसली. घरी निघायच्या दिवशी शबाना सिस्टरनं सामानाची पिशवी सुरेखापुढं धरली. सुरेखानं हात मागं घेतले.

"नाय सिस्टर. मला नाय जमायचं आता."

"अरे, तुमची काही गलती नाही. डॉक्टर बोलले ना?"

"ते नाय बोलले तसं. माहीत नाय, आसं बोलले." ती मेघाकडं वळली. "आक्का, मी दर गुरुवारी संगं येईन. इथपर्यंत आणीन, परत नेईन. पर लाइनीला हात नाय लावायची."

शबाना आणखी काही समजवायला गेल्या, पण मेघानंच त्यांना थांबवलं. "राहू द्या सिस्टर. आम्ही येऊ."

तेव्हापासून दर गुरुवारी दोघी शेंद्र्याहून निघायच्या. कधी अभयची गाडी, कधी शेअर रिक्षा. दवाखान्यात शबाना लाइन धुवायच्या, मेघा भिंतीकडं तोंड करून बसायची आणि सुरेखा समोर, तिच्या तोंडासमोर बसायची. धुऊन झाल्यावर दोघी तासभर तिथंच बाकावर थांबायच्या. थंडी वाजते का बघायला, असं कुणी सांगितलं नव्हतं; पण त्या थांबायच्या. येताना कधी शहागंजात उतरून मेघा डोक्याला बांधायला सुती रुमाल घ्यायची. आता मेघाच्या तब्येतीचं काही लपलं नाही. डॉक्टरांनी कसं काय विचारलं की मेघा आधी सुरेखाकडं बघायची, आणि सुरेखा परवा उलटी झाल्यापासून काल रात्री अंग मोडून आल्यापर्यंत सगळं घडाघडा सांगायची. "हिच्यापुढं चोरून खोकायचीबी सोय नाय," मेघा म्हणायची, आणि डॉक्टर प्रणय कधी नव्हे ते हसायचे.

आजार काही संपला नव्हता. हाडांच्या मगजाचा, म्हणजे बोन मॅरोचा रिपोर्ट चांगला आला, तरी मोठ्या डॉक्टरांनी दोन वर्षं उपचार सांगितले होते, आणि त्या दोन वर्षांत काय होईल याची हमी कुणी देत नव्हतं. जिची लाइन काढली होती ती पलीकडच्या खाटेवरची बाई पावसाळ्यात गेली. तिची बातमी मेघाला सुरेखानंच सांगितली. तीही लपवली नाही.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी, भर दुपारी, सुरेखा मशीनवर बाही जोडत होती. दारात सावली पडली. मेघा उभी होती, डोक्याला रुमाल, हातात भरलेली पिशवी, दुसऱ्या हातात थर्मामीटर.

"एकशेएक हाय," ती म्हणाली. "थंडी नाय वाजली. पोटात मातर सकाळपून मुरडा हाय. म्या सिस्टरला फोन केलाय."

"तुम्ही केला?"

"व्हय. दोन बाटल्या भरायला सांगितल्यात त्यांना. अंगठ्यापाशी शीर हाय म्हणलं अजून एक, तिथून घ्या."

सुरेखानं मशीनचं चाक थांबवलं. ब्लाउज तसाच सुईखाली राहिला. तिनं पायात चप्पल सरकवली, मेघाच्या हातातली पिशवी घेतली, आणि दोघी रस्त्याला लागल्या.

त्या खेपेला दोन्ही बाटल्या जवळजवळ बरोबरीनंच ओरडल्या. जंतू पोटातला होता. लाइन जिथल्या तिथं राहिली, औषधानं ताप उतरला, आणि आठवड्यानं मेघा घरी आली.